प्रियंकाला रकाना मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
ग्रामीण रुग्णालय, जांभूळदरा,
जि. हिंगोली.

अर्जदार: संतराम शिवशंकर ढेंबरे, सेवानिवृत्त कोतवाल, रा. गव्हाळवाडी.

विषय: अर्जदाराची सून सौ. प्रियंका वैजनाथ ढेंबरे हिची थायरॉईडची रक्ततपासणी होऊन गोळी पुन्हा सुरू होणेबाबत. व तसे नियमात बसत नसल्यास तिला कागदोपत्री गरोदर समजण्यात येणेबाबत.

संदर्भ: आपल्या रुग्णालयाच्या खिडकी क्रमांक दोन व खिडकी क्रमांक पाच यांनी एकमेकींकडे बोट दाखवून वेळोवेळी दिलेली तोंडी उत्तरे.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की, सदर अर्जदार हा उभी हयात गावची कोतवालकी करून निवृत्त झालेला इसम आहे. हलगी वाजवून सरकारचा शब्द गावाच्या कानी घालणे हे त्याचे काम होते. पोलिओचा डोस असो, फवारणी असो की गरोदर मातांची नावनोंदणी, दवंडी त्यानेच दिली. सरकारचे बंद पाकीट त्याने कधी फोडले नाही आणि सरकारच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही. म्हणून सुनेला दिवस गेले तेव्हा नाव नोंदवायला त्याने तिला सगळ्यांच्या आधी पाठवले.

१) त्या वेळच्या तपासणीत प्रियंकाला थायरॉईड निघाला. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी ठरली. ती आपल्याच रुग्णालयाने दिली व वेळेवर दिली, हे कबूल केले पाहिजे. बाळंतपण सुखरूप पार पडले, मुलगी झाली, नाव राजनंदिनी. पुढे गोळ्या संपल्या तेव्हा खिडकी क्रमांक दोनने सांगितले, की सदर गोळी गरोदर मातांच्या साठ्यातली असून आपली सून आता गरोदर नाही. बोलणे खोटे म्हणता येत नव्हते. मंडळी घरी परतली आणि गोळी थांबली.

२) त्यानंतर प्रियंका गोरी दिसू लागली. तोंड भरले, अंग भरले. गावच्या बाया अर्जदाराच्या पत्नीला, नर्मदाबाईला, वाटेत अडवून विचारू लागल्या, "काय खाऊ घालून राहिलीस वं सुनंला?" नर्मदाबाईला आभाळ ठेंगणे झाले. डिंक, खारीक, खोबरे सगळे तिच्या हातचे. बाळंतपण मानवले, असे जो तो म्हणाला. साहेब, ती सूज होती. गोरेपणा नव्हता, अंगातले रक्त उतरले होते. पण कौतुकाच्या भरात ते कोणाला दिसले नाही, आणि दिसायला हवे होते.

३) सध्या चैत्राचे ऊन आहे. दुपारी पत्र्याखाली माणूस भाजून निघते आणि प्रियंका गोधडी पांघरून कुडकुडते. बाळंतवारा असेल म्हणून नर्मदाबाईने शेगडी लावली. केस फणीत झुपक्याने येतात. आवाज तर असा घोगरा झाला, की पुसेगावहून तिच्या आईचा फोन आला तेव्हा आईनेच विचारले, "कोण बोलून राहिलं?" खासगी दवाखान्यात अशक्तपणा सांगून सलाईन लावली. शेवटी प्रियंकाच अर्जदाराला म्हणाली, "मामा, ती गोळी बंद झाली तवापासून असं होऊन राहिलं." घरात एवढे शहाणे असताना बराबर बोलली ती एकटी. मग जवळा बाजारच्या मेडिकलवरून तीच गोळी आणली. ती चार-सहा दिवस घेताच छातीत धडधडू लागले, हात कापू लागले. दुकानदार म्हणाला, की माप गरोदरपणातले आहे, आता किती द्यायची ते रक्त तपासून डॉक्टरच सांगतील.

४) म्हणून पुन्हा आपल्या दारी येणे झाले. अर्जदाराचा मुलगा वैजनाथ तिला मोटारसायकलवर आणताना उपरण्याने स्वतःच्या पाठीशी बांधून आणतो, कारण ती वाटेत झोपते. खिडकी क्रमांक दोन म्हणाली, की बाळंतपणाला सहा आठवडे उलटले, आता हिला प्रसूत मातेच्या रकान्यात धरता येत नाही, इतर आजारांच्या पाच नंबरला जा. खिडकी क्रमांक पाच म्हणाली, की आजार गरोदरपणातला आहे, दोन नंबरला जा. प्रयोगशाळा म्हणाली, की रकाना भरलेला नाही, रक्त काढता येत नाही. अशा किती चकरा झाल्या ते लिहून आपला वेळ घेत नाही. राजनंदिनीच्या लसीच्या कार्डावर मात्र आजवरचा एकही रकाना रिकामा नाही. लेकराला सरकारने जागा ठेवली, हे चांगलेच झाले. फक्त लेकराची आई सरकारच्या कोणत्याच कागदात मावत नाही.

५) आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात प्रियंका लेकराला घेऊन वैजनाथची भाकर द्यायला शेतात गेली. सिद्धेश्वरच्या कालव्याला पाणी सुटलेले होते. कालव्याच्या कडेला लिंबाखाली ती जरा टेकली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. राजनंदिनी नुकतीच रांगायला लागली आहे. नर्मदाबाई सरपण घेऊन मागून येत होती, तिने लेकरू थेट पाण्याच्या काठावर पाहिले. मोळी टाकून ती धावली. झगा मुठीत आला म्हणून लेकरू हाती लागले. एवढा आरडाओरडा झाला तरी प्रियंका उठली नाही. खांद्याला धरून हलवावे लागले. काय झाले ते कळल्यावर ती रडली नाही. सासूला एवढेच म्हणाली, "आत्या, लेकरू माझ्यापाशी ठेवू नका."

त्या दिवसापासून तिने मुलीला आपणहून उचललेले नाही. पाजायची वेळ झाली की नर्मदाबाई लेकरू तिच्या मांडीवर देते, समोर बसून राहते आणि परत उचलून नेते. आता लेकरूही तिच्याकडे पाहून हात पुढे करीत नाही. परवा प्रियंकाने विचारले, "मामा, मी बरी व्हईस्तोवर ते मला इसरंल का?"  याचे उत्तर खिडकी क्रमांक दोन अथवा पाच यांजकडे असल्यास कळवावे.

६) सबब विनंती की, आपण स्वतः प्रियंकाला तपासावे, तिचे रक्त घ्यावे, गोळीचे माप ठरवावे आणि पुढेही वेळोवेळी बोलावून ते पाहत जावे. रकान्याची अडचण सुटतच नसेल तर तिला कागदावर गरोदर दाखवावे. नऊ महिन्यांनी ती बाळंत न झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदार घेण्यास तयार आहे.

हेही जमत नसेल, तर अर्जदाराची हलगी अद्याप शाबूत आहे. येत्या बाजाराच्या दिवशी तो रुग्णालयाच्या फाटकासमोर ती तापवील आणि दवंडी देईल, की ऐका हो ऐका, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या पुढे कोणत्याही बाईने आजारी पडू नये. दवंडीची आगाऊ सूचना देण्याची रीत नाही. आपला मान राखून दिली आहे. सरकारचा शब्द म्हणून आजवर जे ओरडत आलो ते खोटे होते, असे म्हातारपणी ओरडायची पाळी अर्जदारावर आणू नये. त्याला तसे करताना फार वाईट वाटेल.

कळावे. रागाने काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास ते अर्जदाराच्या नावावर धरावे, सुनेच्या नव्हे.

आपला नम्र व आजपर्यंत आज्ञाधारक,
संतराम शिवशंकर ढेंबरे
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत:
१) गरोदरपणातील तपासणीच्या कागदाची झेरॉक्स.
२) गोळ्यांचे रिकामे पाकीट.
३) राजनंदिनीचे लसीचे कार्ड. पाहून परत द्यावे.
४) प्रियंका, स्वतः. बाहेर बाकावर बसली आहे. डोळा लागला असल्यास हाक मारून उपयोग नाही, खांद्याला हात लावावा. जागी होताच ती आधी लेकरू कुठे आहे ते विचारील. आत्याजवळ आहे, सुखरूप आहे, असे तिला सांगावे.