कापसात पुरलेल्या कुकीज

चि. भाऊ प्रेमसिंगले नेरजवळच्या तांड्यावरून जमनीबाईचा जय सेवालाल, आणि डोक्यावर हात.

तुझा खोकला कसा आहे? मागं आलतास तेव्हा तुझ्या खोकल्यानं आमच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या (पण माझ्या मनात काही नाही). राजूरच्या कोळसा खाणीची हवा गाळून घेत जा. इकडं माझे गुडघे सोडले तर सारे सुखरूप. सांगून राह्यली मी, लिहून राह्यली आपली रंजिता. म्हणून पत्रात अक्कल दिसेल ती माझी, चुका दिसतील त्या माझ्या नातीच्या. (उलटं समजा. — रंजिता)

यंदा कापसाले भाव नाही म्हणून तुझ्या भाच्यानं, किसनसिंगानं, सारा कापूस घरातच भरला. देवही मानेपर्यंत कापसात आहेत. कापूस घरात असला की आत आगकाडी ओढायची नाही, हे तुले माहीतच आहे. चूल आंगणात गेली, अन् वारा सुटला की तीही बंद. अशात रंजिताले पाहायले पाहुणे येतो म्हणाले. पोरगा राजकुमार, नेरले मोबाइल दुरुस्त करते. पोरीनं त्याले बाजारात आधीच पाहून ठेवलेलं, त्यामुळं तिचा जीव टांगणीला. पाहुणे उपाशी गेले तर सोयरीक गेली. नेमका त्या दिवशी वारा असा, की चुलीजवळ जायची कोणाची हिंमत होईना.

मग तिनं बचत गटात शिकलेल्या बिनचुलीच्या कुकीज काढल्या. बिस्किटं कुटायची, शेंगदाण्याचा कूट, गूळ, तूप, खोबरं कालवायचं, चपटं थापायचं अन् थंड जागी ठेवायचं, की आपोआप घट्ट होते म्हणे. आमच्या वेळी याले लाडू बिघडला म्हणत. आता थंड जागा कुठून आणायची? शेजारच्या सत्यशीलाकडं फ्रीज आहे, पण लाइटच नसते, म्हणून ती त्यात लुगडी ठेवते. बर्फवाला बर्फ भुशात गुंडाळते, तसा कापूसही गारवा धरेल, असं पोरीले सुचलं. (आजीले सुचलं. — रंजिता) कुकीज कापसात पुरल्या. त्यावर किसनसिंग जाऊन लवंडला अन् ढीग सरकला. आता त्या कुठं आहेत ते देवालेच माहीत, अन् तो मानेपर्यंत आत.

पाहुणे आले तेव्हा आम्ही सारे कोपरापर्यंत हात घालून शोधून राह्यलो होतो. मोठ्या मुश्किलीनं एक सापडली, सशासारखी पांढरी. ती पोराच्या बापाले, खेमसिंगले दिली. हा जिनिंगात ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा. त्यानं घास चावला, दातातून धागा ओढला, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला, उजेडाकडं नेला अन् म्हणाला, "धागा बरा आहे, पण ओलावा आहे."

"तुपाचा आहे, पाहुणे."

"कशाचाही असो. ओलावा म्हटला की भाव कमी."

किसनसिंग तापला. कापूस पाहायले आलात का पोरगी, म्हणाला. खेमसिंग उठला, पण जाईल कसा? त्याच्या चपलाही ढिगाखाली गेलेल्या. रंजिताचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात राजकुमार बापाच्या चपला शोधायले कापसात शिरला, तो पार दिसेनासा झाला. बाहेर आला तेव्हा केस, भुवया, मिशा सारं पांढरं, दोन्ही हातांत कुकीज अन् तोंड चालू. पोरगी त्याले निरखून पाहत राह्यली अन् म्हणाली, "म्हातारपणी असेच दिसणार असाल, तर मले चालते."

खेमसिंगानं दुसरी कुकी घेतली. या वेळी धागा न पाहता गिळला. सोयरीक पक्की. चप्पल एकच सापडली, म्हणून तो किसनसिंगाच्या घालून गेला.

तुझी बहीण,
जमनी (अंगठा)

ता.क. कापूस अजून घरातच आहे, म्हणजे लग्नातही इथं चूल पेटत नाही, अन् साऱ्या वऱ्हाडाले कुकीज पुरत नाहीत. तुझ्याकडं कोळशाले काय तोटा? म्हणून लग्न तुझ्या आंगणात करावं असं मनात आहे. नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणानं म्हण.

ता.क. मामाआजोबा, पत्रिका छापून आल्या. पत्ता तुमचाच आहे. आता आजी विचारून राह्यली की मी खाली काय लिहिलं. म्हटलं, खोकल्याले जपा.
— रंजिता