भिंतीपलीकडची कटकट

३ नोव्हेंबर, रविवार
दोघंच आले. हॅम रेडिओ शिकवतो, अशी चिठ्ठी पोस्टाच्या फळ्यावर महिनाभर होती, आणि दोघंच! एक बसचालक, एक दातांची डॉक्टरीण. अगदी पहिल्यापासून सांगितलं – गच्चीवरच्या एरियलच्या तारेतून, मोर्सची टिकटिक करत, जगात कुणालाही गाठायचं. स्पर्धा म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त माणसं गाठून प्रत्येकाची नोंद बिनचूक लिहायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जिंकून मिळतं काय? एक कागद, म्हटलं. दोघं पुढच्या रविवारी येणार आहेत. बघू.

५ नोव्हेंबर
पहिली वही सापडली. बेचाळीस वर्षांपूर्वीची. सत्तेचाळीस नोंदी, निम्मी शाई पसरलेली. तेव्हा मला शिकवणारे पोस्टातले तारमास्तर शेजारी बसून होते. "आधी कान, हात मागून येतो," म्हणायचे. दोन खोल्यांचं घर, मध्ये प्लायवुडची भिंत, पलीकडे ही शिवणयंत्रावर. लग्नाला तीन वर्षं झालेली. हिनं या सगळ्याला एकच नाव ठेवलं – कटकट. तेच आजतागायत चालू आहे. त्या खोलीतल्या सोल्डरचा वास आला एकदम. वही मिटवेना.

१० नोव्हेंबर, रविवार
बसचालकाचा कान तल्लख, हात मात्र जड. ब्रेक दाबावा तशी टिकटिकीची की दाबतो. डॉक्टरीणबाई आधी ठिपके-रेघा कागदावर मांडतात, मग अक्षर शोधतात, तोवर पुढची चार अक्षरं निघून गेलेली. ओरडलो नाही. तारमास्तर फार ओरडायचे. त्यांचं तेवढं मी घेतलं नाही.
ही चहा ठेवून गेली. कटकट सुरू का, म्हणाली. दोघं हसले.

१४ नोव्हेंबर
तार नव्यानं ताणली. गुडघ्यानं जाब विचारला.

२४ नोव्हेंबर, रविवार
स्पर्धा झाली.
दुपारी अडीचला एक अगदी क्षीण स्टेशन आलं. बसचालकानं दोनदा परत विचारलं. आवाज स्पीकरवर घेतला. मलाही त्याच्या सांकेतिक नावाची शेवटची दोन अक्षरं लागेनात. दोन वर्षं झाली, बारीक सूर मला ऐकूच येत नाहीत. कुणाला सांगितलेलं नाही. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी नुसताच वहीवर पेन्सिल धरून.
दारातून आवाज आला, "के, एल."
ही! काखेत वाळलेल्या कपड्यांचा ढीग. बसचालकानं तेच पाठवलं. पलीकडून होकार आला.
मी उठलो, हिला खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत हेडफोन लावून बसली. ही अक्षरं सांगतेय, बसचालक पाठवतोय, डॉक्टरीणबाई लिहितायत. एकशे अठरा नोंदी. मी पाणी आणून देत होतो.
कधी शिकलीस, विचारलं. इतकी वर्षं कानावर पडतंय, म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.
आनंद झाला. मग मनात आलं – मी काय काय टिकटिकवलं ते सगळं हिला कळत होतं?

२५ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी परत विचारलंच. चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता बोलली. आमची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली, त्यानंतर मी घरात तोंड उघडलं नव्हतं. त्या खोलीत बसून मात्र लांबच्या कुणाला तरी तासन्‌तास काही सांगत असायचो.
"भिंतीला कान लावून बसायचे मी. काही कळायचं नाही. म्हणून पुस्तक आणलं, सहा महिने घोकलं. कळायला लागलं तोवर तुम्ही स्पर्धांना लागला होतात. मग नुसते आकडे ऐकू यायचे."
कप माझ्यापुढे सरकवला.
"काय सांगत होतात त्याला?"
मला आठवत होतं. शब्दन्‌ शब्द. चहा गार होईपर्यंत सांगत बसलो.