कललेली जीप आणि वन्सं

१४ एप्रिल १९८६, रत्नागिरी

कातळावरच्या वाटेसाठी उंच करून घेतल्यापासून आमची जीप उजवीकडे कलते. काल बागेत जाताना मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "वन्सं, तुम्ही डावीकडे बसा, म्हणजे सरळ होईल." सगळे हसले. वन्संही हसल्या. कॉन्व्हेंटात शिकून आलेल्या मला, नव्या नवरीला, माशाचे काटे काढून देणाऱ्या माझ्या वन्सं. का बोलले मी?

आज ह्यांनी रिकामी जीप सपाट अंगणात उभी केली, तरी कललेलीच. उंच करताना डाव्या-उजव्या स्प्रिंगा उलट बसल्या होत्या; ड्रायव्हरच्या बाजूची कडक स्प्रिंग डावीकडे गेली होती. बदलल्या, आणि जीप सरळ.

मी धावत सांगायला गेले. "स्प्रिंगांचाच घोळ होता, वन्सं. चला, चक्कर मारून येऊ."

"नको गो वहिनी. आत्ता कुठे सरळ झालीय, पुन्हा कलायची."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं.