चर्चची ओळ

प्रिय योनाथान,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. वाचलंस की लगेच वायनरीवाल्यांना फोन लावशील.

त्यांना आपली दिंडोरीची अख्खी बाग करारावर हवी होती. मी म्हटलं, विहिरीकडची एक ओळ सोडून बाकीची घ्या. पप्पांनी ती लावली तेव्हापासून तिच्या द्राक्षांचा रस चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला जातो. ते म्हणाले, अख्खी द्या, नाहीतर राहू द्या. मी राहू दिलं. तू फोनवर केवढा ओरडलास! "ताई, एका ओळीपायी? रस बाटलीत मिळतो!"

मला मोह नव्हता असं समजू नकोस. नव्या स्वयंपाकघराच्या टाइल्ससुद्धा मी नाशिकला जाऊन पसंत करून आले होते.

पुढचं तुला माहीत नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, "शलोमीताई, यंदापासून रसाचा त्रास घेऊ नका. आपण बाटल्याच आणू." मी हसून बरं म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटत घासली. मग कुणासाठी सोडल्या मी त्या टाइल्स?

काल छाटणी होती. बांधावर उभी राहून मी वायनरीचा नंबर शोधत होते, तेवढ्यात मजुरीला आलेल्या मैनाने विचारलं, "ताई, चर्चची ओळ बी छाटायची ना?"

मी फोन पिशवीत टाकला.

"छाट. नीट छाट," म्हटलं. "आणि ती चर्चची नाही गं, देवाची आहे."

तुझी,
शलोमीताई