हरणासाठी इस्त्री

२ एप्रिल, सकाळी ७
एकतीस वर्षांपूर्वीचा एक रविवार आज आठवला. हे हातात गुलाबाचं रोप धरून मागच्या अंगणात उभे होते. खड्डा किती खोल, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वीतभर. तर म्हणाले, तुझी वीत की माझी? मग तळहाताला तळहात लावून मोजत बसलो. ह्यांची मोठी निघाली. तोवर चहा गार झाला. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नव्हतं.

आठवायचं कारण, त्याच झाडाच्या सगळ्या कळ्या आज गेल्या. आधी शेजारणीचा संशय आला. कळ्यांवर नजर असते तिची. पण मातीत खुरांचे ठसे होते. मनातल्या मनात तिची माफी मागितली. अर्धी.

हरीण आहे. टेकडीवरून उतरतं.

४ एप्रिल
मुलाचा फोन. पालुपद तेच: आई, बाबा गेल्यापासून एवढं घर तुला एकटीला झेपत नाही, विकू या, आमच्याकडे ये. मी शांतपणे सांगितलं, झेपतं की नाही ते बागेवरून ठरव. एकतीस मेला येशील तेव्हा गुलाब फुललेले असतील. एकही फूल दिसलं नाही तर मुकाट्याने सही करीन. तो म्हणाला, अगं, बागेचा काय संबंध? सून मागून म्हणाली, हो म्हणा ना, त्यांची हौस आहे तर. आवाज जरा जास्तच गोड.

अशी अट घालायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण शब्द म्हणजे शब्द. शिवाय माझी बारा झाडं आणि समोर एक जनावर. काळजीचं कारण नाही.

९ एप्रिल
साबणाच्या वासाला हरणं बिचकतात, असं वाचलं. बारा वड्या, बारा दोऱ्या, बारा झाडं. बागेला न्हाणीघराचा वास. प्रश्न मिटला.

१० एप्रिल
दोन झाडं खाल्ली. वारा उलटा होता. एका वडीवर दातांची खूण. चवीपुरती.

१५ एप्रिल
अंडी फेटून स्प्रे. शेजारणीने भिंतीवरून विचारलं, काकू, तुमच्याकडे काही मेलंय का? म्हटलं, अजून नाही. ती हसली नाही. विनोदबुद्धी लागते.
दुपारी पाऊस. स्प्रे धुऊन गेला. प्लॅन मात्र उत्तम होता.

२२ एप्रिल
नर्सरीवाला म्हणाला, आठ फुटी जाळी घ्या, चार फूट म्हणजे हरणाला उंबरठा. आठ फुटांत घर तुरुंग दिसेल. चार फुटी लावून घेतली. फार सुबक दिसते.

२३ एप्रिल
सकाळी हरीण जाळीच्या आत. बाहेर जायची घाई नव्हती. आणखी तीन झाडं.

२९ एप्रिल
नर्सरीवाल्याने शेवटी खरा उपाय सांगितला. माणसाचा वास. म्हणाला, काकांचे जुने कपडे असतील ना? घामाचे, न धुतलेले? काठ्यांवर टांगा, फिरकणार नाही.
गेल्यावर तीन वर्षांनी हे उपयोगी पडणार. असते तर म्हणाले असते, बघ, बागेत माझी मदत होत नाही म्हणतेस.

३० एप्रिल
ट्रंकेतून सहा शर्ट काढले. कॉलरवर पिवळट रेघा. हे असं चारचौघांसमोर टांगायचं? मिशनच्या होस्टेलवर सिस्टर दोरीवरचे कपडे तपासून मुलींना मार्क द्यायच्या. मला कधी दहापैकी नऊच्या खाली नाही. दोनदा धुतले, नीळ घातली, स्टार्च केला, कडक इस्त्री. नर्सरीवाला ‘न धुतलेले’ म्हणाला खरा, पण तो त्याच्या घरच्या रीतीने बोलला असणार.

१ मे
बागेत सहा जण उभे आहेत. वरच्या बटणापर्यंत बंद. शेजारीण बराच वेळ बघत होती. हरीण आलं नाही. आता काळजी मिटली.

३ मे
आलं. आलं नव्हे, आली. सोबत पाडस. एका बाहीला नाक लावलं, मग त्याच शर्टाच्या सावलीत उभी राहून झाड संपवलं.
नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने शर्ट हुंगला. बाई, धुतलेत हे? म्हटलं, जरासे. इस्त्रीपण केलीत? मी एक कॉलर सरळ केली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, बाई, हरणाला काय पाहुणा म्हणून बोलावलंत? मग विचारलं, एखादा न धुतलेला उरलाय का. नाही म्हणून सांगितलं.

४ मे
उरलाय. दवाखान्यातून पिशवीत घालून दिला होता तो. गाठ मी सोडलेली नाही. तसं खास कारण नाही. बटण तुटलंय, ते लावायचं राहिलंय.

१८ मे
अकरा झाडं बोडकी. ह्यांनी लावलेल्या पहिल्या झाडावर पुन्हा सात कळ्या. सात पुरे. ‘एकही’ म्हटलं होतं मी, बारा झाडं नव्हे. मुलाला फोनवर सांगितलं, बाग छान आहे. खोटं नाही. आकार छान आहे.
पिशवीतला शर्ट उद्या टांगते.

२५ मे
पिशवी बागेत नेली. गाठ सोडली. आधी नुसता प्लॅस्टिकचा वास. आत चेहरा घातल्यावर मग थोडासा, अगदी थोडासा. उन्हात टांगला तर दोन दिवसांत तोही उडेल. आभाळही भरून आलं होतं. गाठ परत मारली. घट्ट. पावसाचा भरवसा नाही, म्हणून फक्त.

३० मे, पहाटे
स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. पिशवी हातात. तिने पाच खाल्ल्या, पाडसाने दोन. काच वाजवायला हात मोकळा नव्हता.

३१ मे
मुलगा आला. बागेकडे गेलाच नाही. टेबलावर कागद पसरले. मी चहा ठेवला आणि सरळ सांगितलं, फुलं नाहीत, मी हरले. तो म्हणाला, कोणती फुलं?
कागदांवरची तारीख मार्चची होती. गिऱ्हाईक तेव्हाच ठरलं होतं. म्हणाला, तुला एप्रिलमध्ये सांगणार होतो, पण तू बागेचं काहीतरी बोलत होतीस, म्हटलं असू दे, तेवढंच तिचं मन रमतंय.
सही केली. अक्षर चांगलं आलं. निर्णय माझाच आहे.

वाटणी लिहून ठेवते, नाहीतर सूनबाई ठरवतील.
छाटणीची कात्री नर्सरीवाल्याला. सहा शर्टही त्यालाच, स्वच्छ आहेत. साबण शेजारणीला. उरलेली अर्धी माफीही. जाळी नव्या मालकाला, कशाला लावली ते सांगायची गरज नाही. गाठीची पिशवी कोणालाही नाही, ती माझ्या हातात असेल.
शिवणाचं मशीन नातीला. तेल घातलेलं आहे. नको असेल तर तिने तसं कळवू नये.