न धुतलेली फणी

प्रिय बाबा,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. आत्याच्या मुलाने दुकानात केस कापताना गिऱ्हाइकाचा कान कापला, हे वाचून वाईट वाटलं. टाके दोनच पडले, हे वाचून जरा बरं वाटलं.

तुम्ही सगळ्यांना 'धाकटा दवाखान्यात आहे' असं सांगता, आणि लोक आईकडे फळं घेऊन माझी तब्येत विचारायला येतात, असं ताईने कळवलं. म्हणून माझं काम एकदा नीट सांगतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई वाळवंटातून धरून आणलेल्या उंदरांना गुंगी देतात आणि मी त्यांना पांढऱ्या ट्रेवर बारीक फणीने विंचरतो. अंगावरून माइट पडतात. माइट म्हणजे उवेहून लहान, आठ पायांचा, फुकट राहून वर रक्त पिणारा भाडेकरू. त्याला बाटलीत घालायचं आणि तो कोणत्या उंदराचा, ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या मीच लिहितो, कारण बाई एवढ्या शिकलेल्या, पण ऱ्हस्व-दीर्घ मनाला येईल तसं लिहितात. उंदीर तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा शहाणे. बाजूचे केस वरखाली झाले म्हणून कुरकुरत नाहीत.

गेल्या महिन्यात आखूड शेपटीच्या एका उंदरावर सात माइट मिळाले. पुस्तकाप्रमाणे माइटच्या मागच्या पायावर दोन केस हवेत, मला तीन दिसले. बाई म्हणाल्या, धूळ असेल, पुन्हा मोज. मी सूक्ष्मदर्शकाखाली एकोणीस वेळा मोजले. तीनच. आजवर कुणी न पाहिलेली जात निघाली. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. 'आखूड शेपटीवाल्याचा माइट' अशा अर्थाचं लॅटिन नाव ठरलं. लेख परवा छापायला जायचा होता, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर तपासायचं काम माझ्याकडे होतं.

तपासताना ते माइट मिळाल्याची तारीख वाचली आणि तो दिवस आठवला. त्या दिवशी आधीचा उंदीर लांब पायांच्या जातीचा होता. तो मध्येच गुंगीतून उठला आणि बाईंच्या उघड्या जेवणाच्या डब्यात शिरला. बाई टेबलावर चढल्या. मी उंदीर धरला, डबा धुतला, बाईंना उतरवलं आणि आखूड शेपटीवाला घेतला. डबा धुतला, बाबा. फणी धुतली नाही. सहा वर्षं दुकानात तुम्ही मला 'प्रत्येक गिऱ्हाइकानंतर फणी धू' याशिवाय दुसरं काही शिकवलंच नव्हतं. म्हणजे ते सात जण कदाचित लांब पायवाल्याचे, आणि नाव साफ खोटं.

तुम्ही विचारलंत, माझी तिसरी खुर्ची आत्याच्या मुलाला कायमची देऊ का. एवढ्यात देऊ नका, हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. आज बाईंना खरं सांगणार होतो आणि त्या हाकलणार, असं धरून चाललो होतो. नववीतून शाळा सोडलेल्याला दुसरीकडे कोण घेणार? इथवर लिहिलं आणि बाईंनीच आत बोलावलं. सगळं सांगून टाकलं. त्यांनी सात माइटांची बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "लेख थांबव. दोन्ही जातींचे वीस-वीस उंदीर नव्याने विंचर. फण्या चाळीस मागव." मागणीचा कागद मी आत्ताच देऊन आलो. खुर्ची खुशाल देऊन टाका.

तुमचाच,
धाकटा