मागची बाजू

धाकटे,

१९६७ साली आजोबांच्या जागेची वाटणी झाली, तेव्हा काका बाबांना म्हणाले होते, "पुढची बाजू तू घे, मला मागची चालेल." बाबांचे डोळे भरून आले. मी दारातच उभी होते. वर्षभरात मागच्या अंगाने हमरस्ता गेला.

काल आईच्या जागेबद्दल आपला बाळ्या नेमकं तेच बोलला, "तुम्ही दोघी पुढची बाजू घ्या, मला मागची चालेल." लहानपणी ताटातला मोठा तुकडा कधी न सोडणारा हा! आणि डोळे तुझे भरून आले.

मी नगररचना कार्यालयात नव्या रस्त्यांचा नकाशा बघायला चालले आहे. बाळ्या कागद घेऊन आला तर बसव, चहा दे, सही मात्र देऊ नकोस. "ताईचा माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारेल. नाही म्हणून सांग. घरातली सगळी पेनं मी पिशवीत घातली आहेत.

काकांनी पुढे त्या हमरस्त्यावर तीन दुकानं काढली. काकू रस्त्याकडच्या गॅलरीत बसून सुखाने म्हातारी झाली. बाबा जन्मभर त्यांच्याच दुकानात कापड मोजत राहिले, आणि शेवटपर्यंत भावाला देवमाणूस म्हणत गेले.

ताई